खांदा ठणठणीत आहे

चिचटोल्याच्या मंडईत सरकारी डाक्तरला खुर्ची मिळू लागली, ती त्याच्याबद्दलच्या आदरामुळे नव्हे. आदराने फार तर चटई मिळाली असती. खुर्ची मिळाली ती लंगड्यांमुळे.

झाडीपट्टीत दिवाळी सरली, की गावोगावच्या मंडया सुरू होतात. मुली माहेरी येतात, त्यांच्या मागून जावई येतात, पालांत जिलेबी तळली जाते, रात्री नाचगाण्याची दंडार उभी राहते. आणि दिवसभर, हलकं धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, कबड्डी. चिचटोल्याच्या कबड्डीला एक नियम होता. गडी जखमी झाला, तर त्याच्या जागी ताजा गडी घ्यावा. हा नियम कोणा दयाळू माणसाने केला असावा, कारण त्याचा परिणाम असा झाला, की ज्याला दम लागे तो लंगडू लागे. मागच्या साली दोन्हीकडचे गडी इतके लंगडले, की खरा कोण आणि बदली कोण याचा पत्ता लागेना. मग काठ्या निघाल्या, आणि जे खोटे लंगडत होते त्यांतले काही खरे लंगडत घरी गेले.

तेव्हा नानाजींनी तोडगा काढला. नानाजी म्हणजे गावचे मालगुजार, सारा वसूल करणारे. मालगुजारी सरकारने काढून नेली होती, पण मालगुजाराला न्यायला सरकार विसरलं होतं. नानाजी म्हणाले, "आता जखमी कोन, थे गडी नाई सांगनार. डाक्तर सांगन. डाक्तरचा शब्द म्हंजे शब्द."

म्हणून सिंदेवाहीच्या दवाखान्याचे डॉक्टर गुणवंतराव त्या दुपारी बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, हातांच्या खुर्चीत, गळ्यात नळी घालून बसले होते. वय चाळीस, पोट थोडं पुढे, स्वभाव थोडा मागे. दवाखान्यात त्यांच्यापुढे येणारा माणूस तापाचा असे. औषध एकच, बाटली रोग्याने घरून आणायची. हाड, सांधा, स्नायू असल्या गोष्टी नागपूरला शिकताना त्यांनी फार मन लावून केल्या होत्या आणि नंतर त्यांची गाठ पडली नव्हती. कारण या मुलखात हाडं सोमाजी बसवत असे. सोमाजी हाडं बसवे, बैल दागे आणि लग्नात सनई वाजवे, आणि तिन्ही कामं सारख्याच जोराने करी. आज तोही आला होता. मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाची वाटी घेऊन तो खुर्चीच्या बाजूला उकिडवा बसला होता आणि डाक्तरकडे, दुसऱ्याच्या दुकानासमोर बसल्यासारखं, बघत होता.

सकाळीच गुणवंतरावांनी एक बळी घेतला होता. झिंगू नावाचा गडी गुडघा धरून विव्हळत आला. गुणवंतरावांना शिकवलेलं सगळं आठवलं. आधी विचारावं, मग पाहावं, मग चाचपावं, मग हलवावं. आणि दुखऱ्या बाजूच्या आधी चांगली बाजू तपासावी, म्हणजे दोहोंतला फरक हाताला कळतो. त्यांनी झिंगूचा चांगला पाय हातात घेतला. लोक खो खो हसले.

"ओ डाक्तरसायेब, थो नाई! थो दुसरा पाय!"

गुणवंतराव शांतपणे चांगला गुडघा वाकवत राहिले. वाकवता वाकवता त्यांनी विचारलं, "इथं दुखतं?"

"मेलो बाप्पा!" झिंगू किंचाळला.

आणि डाक्तरच्या हातात होता तो चांगलाच पाय. बांधीत जो गदारोळ उडाला, तो पार तलावापलीकडे ऐकू गेला असेल. झिंगूला लोकांनी दोन्ही पायांवर पळवला. गुणवंतरावांसाठी टाळ्या वाजल्या. दवाखान्यात इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. तापातून उठलेला माणूस टाळ्या वाजवत नाही. टाळी ही चीज अंगवळणी नसलेल्या माणसाला लवकर चढते. दुपारच्या सामन्याला गुणवंतराव बसले ते, बहाणा करणाऱ्यांना पकडायला बसलेल्या माणसासारखे. सगळा घोळ इथून सुरू झाला.

शेवटचा सामना चिचटोला आणि सावरगोंदी यांचा. चिचटोल्याचा हुकमी गडी लटारू. धानाच्या बांध्यात राबणारा, लाकडासारखा कोरडा पोऱ्या. पण त्याचा दम असा, की तो चढाईला गेला की लोक बिडी पेटवत आणि ती संपेपर्यंत त्याचं 'कबड्डी कबड्डी' चालू असे. सावरगोंदी ही त्याची सासुरवाडी. समोर पकडीला उभा होता सुकलू, त्याच्या बायकोचा, रंभेचा, सख्खा भाऊ.

"या, जावईबापू," सुकलू मांडीवर थाप मारून म्हणाला. "सासुरवाडीले आले, जेवूनच जा!"

"तुह्या घरचं जेवन मी लगनात खाल्लो ना, साळेबुवा," लटारू रेघेवरून म्हणाला. "अजून ढेकर नाई आला!"

बायका एका अंगाला पळसाच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांच्यात रंभा. तिच्या डोक्यावर पदर होता आणि तिचा अर्धा जीव रेघेच्या या बाजूला, अर्धा त्या बाजूला होता.

लटारू घुसला. दोघांना शिवला. परतताना सुकलूने झेप घेतली, त्याच्यावर आणखी चौघे पडले, आणि मातीचा एक ढीग झाला. ढिगाखालून 'कबड्डी कबड्डी' ऐकू येतच होतं. मग ढिगातून एक हात निघाला, सरपटत रेघेला लागला, आणि चिचटोला नाचायला लागलं.

लटारू उठला. उठून उभा राहिला, आणि उजव्या हाताने त्याने डावा खांदा धरला.

"उतरला!" सोमाजी तेलाची वाटी घेऊन धावला. "खांदा उतरला! धरा त्याले, मी झटका देतो!"

"थांबा," गुणवंतराव खुर्चीतून उठले. आता ही खुर्ची कशासाठी आहे ते दाखवायची वेळ आली होती.

आधी विचारावं. त्यांनी विचारलं, "कसा पडलास? काय लागलं?"

"खांद्यावर पडला ना, सायेब," चिचटोला एका आवाजात म्हणालं.

"नाई, नाई, हातावर पडला!" सावरगोंदी म्हणालं.

"माह्या डोयानं पाह्यलो, सुकल्यानं हात मुरगाळला!"

"काऊन खोटं बोलून राह्यला बे? नाटक करून राह्यला थो! बदली गडी पायजे तुमाले!"

लटारूने तोंड उघडलं होतं, पण त्याच्या दुखण्याची हकिकत सांगायला इतकी माणसं राजी असताना त्याची गरज कोणाला वाटली नाही. गुणवंतरावांनाही नाही.

मग पाहावं. दोन्ही खांदे सारखे गोल, कुठे खळगा नाही, सूज नाही. चाचपावं. गळ्याच्या हाडावरून दंडापर्यंत बोटं फिरवली. लटारू डोळासुद्धा मिटेना. हलवावं. आधी चांगला हात, मग दुखरा. वर नेला, मागे नेला, पाठीशी वळवला. डावा हात तेल घातलेल्या कवाडासारखा सगळीकडे फिरला.

"इथं दुखतं?"

"नाई."

"इथं?"

"नाई, सायेब."

"मग दुखतं कुठं?"

लटारूने खांद्याच्या टोकावर बोट ठेवलं. "इथी. पन तुमी दाबता तवा नाई दुखत. आपलं आपलंच दुखते."

सावरगोंदीवाले हसले. "आपलं आपलंच दुखते म्हंते!" एक जण म्हणाला, "झिंग्याचा भाऊ होय हा!"

गुणवंतरावांच्या कानात सकाळच्या टाळ्या अजून वाजत होत्या. ते सरळ उभे राहिले, सगळ्या बांधीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खांदा ठणठणीत आहे!" आणि सावरगोंदीने टाळ्या वाजवल्या.

तपासणी अगदी बरोबर होती. खांदा खरोखरच ठणठणीत होता.

लटारू खेळायला गेला. गुणवंतराव खुर्चीत बसले. त्यांनी पाय लांब केले आणि पुन्हा आखडून घेतले. काहीतरी टोचत होतं. खुर्चीचा खिळा असेल म्हणून त्यांनी खाली हात घालून पाहिला, खिळा नव्हता. 'तुमी दाबता तवा नाई दुखत.' बहाणा करणारा माणूस असं कधी म्हणत नाही. तो दाबायच्या आधी ओरडतो. झिंगू चांगला पाय धरला तरी ओरडला होता. ज्याला खोटंच सांगायचं, तो इतकं गैरसोयीचं कशाला सांगेल?

लटारू चढाईला गेला. शेजारच्या माणसाने सवयीने बिडी काढली. 'कबड्डी, कबड्डी, कबड्...' आणि दम तुटला.

बिडी पेटलीसुद्धा नव्हती.

"काऊन गा लटारू?" नानाजी गरजले. "सासुरवाडीचं मीठ लागलं का?"

लोक हसले. गुणवंतराव हसले नाहीत. लटारू उभ्या उभ्या छोटे छोटे श्वास घेत होता, कुत्र्यासारखे, वरवरचे. जसं काही पूर्ण श्वास आत घ्यायला आत जागाच नव्हती. थंडीचे दिवस लागले होते, उन्हं उतरली होती, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. मग गुणवंतरावांना वाटलं, गडी खेळून आलाय, घाम येणारच. मग त्यांनी दुसऱ्या गड्यांकडे पाहिलं. त्यांचाही घाम होता; पण तो धुळीत मिसळून चिखल झालेला, तापलेला घाम होता. याचा घाम माठावर येतो तसा होता.

डाव सुटला, गडी पाणी प्यायला बसले. लटारू तांब्याभर पाणी प्यायला, आणखी मागितलं, आणखी प्यायला. मग तो बांधीत आडवा झाला आणि लगेच, कोणी खालून टोचल्यासारखा, उठून बसला. पुन्हा खांदा धरला. थोड्या वेळाने पुन्हा आडवा व्हायला गेला, पुन्हा उठला.

हलवलं की दुखत नाही. निजलं की दुखतं.

असा खांदा गुणवंतरावांनी पुस्तकात पाहिला नव्हता. आणि मग त्यांना आठवलं, की पाहिला होता. पण खांद्याच्या प्रकरणात नव्हे. फार पुढे, पोटाच्या प्रकरणात. पोटात रक्त साचलं, की ते वर छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचतं, आणि त्या पडद्याची कळ माणसाला खांद्यात कळते. डावा खांदा असेल, तर डाव्या बरगडीखाली पाहा. डाव्या बरगडीखाली काय असतं?

पानथरी. पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात. या मुलखात दर पावसाळ्यात तापणारा माणूस आणि दर तापाला वाढणारी पानथरी. मलेरियावाले घराघराच्या भिंतीवर औषध फवारून तारीख लिहून जात होते. पण पोटातल्या पानथऱ्या तारखा वाचून कमी होत नव्हत्या. गुणवंतरावांनी तर पोटं चाचपणंच सोडून दिलं होतं. जे प्रत्येकाला आहे, ते काय चाचपायचं? आणि वाढलेली पानथरी पिकल्या पपईसारखी असते, धक्का लागला तर फुटते, हे ठाऊक असलेला आसपासच्या सगळ्या गावांत एकच माणूस होता, आणि त्याने नुकतंच सर्वांना ओरडून सांगितलं होतं, की खांदा ठणठणीत आहे.

शिट्टी झाली. लटारू उठला, रेघेकडे चालू लागला.

गुणवंतराव उठले. पुन्हा एकदा तिथे कोणी त्याच्यावर पडलं तर... आणि आपलं चुकलं असलं तर? हजार माणसांसमोर मघाचा शब्द आता गिळायचा. बरोबर निघालो, तर माणूस जातो. चुकलो, तर अब्रू. गुणवंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा आपली अब्रू जावी अशी मार्कंडेश्वराची करुणा भाकली आणि ते रेघ ओलांडून आत शिरले.

"खेळ थांबवा! हा गडी खेळणार नाही!"

"आता का झालं?" नानाजी धोतर सावरत आले. "तुमीच म्हनले ना, खांदा ठनठनीत?"

"खांदा ठणठणीतच आहे."

"मंग?"

"म्हणूनच खेळणार नाही."

नानाजींनी मालगुजारीत पुष्कळ अधिकारी पाहिले होते, पण इतकं सरकारी बोलणं ऐकलं नव्हतं.

"डाक्तरचा शब्द म्हंजे शब्द, असं आपलं ठरलं," ते म्हणाले. "आता एका दुपारी शब्द कितीदा फिरनार?"

"एवढ्यांदा," गुणवंतराव म्हणाले आणि त्यांनी लटारूचं मनगट धरलं. नाडी बोटाखाली उंदरासारखी पळत होती. बारीक, घाईची, सापडते न सापडते. त्यांनी त्याची खालची पापणी ओढली. आत लाली असायला हवी, तिथे जुन्या कागदाचा रंग होता.

"मी खेलतो ना, सायेब," लटारू म्हणाला. "सुकल्या म्हनन जावई पयाला."

"खाट आणा," गुणवंतराव म्हणाले. "आणि आता कोणी बोलायचं नाही. फक्त हा बोलेल. बोल रे, लागलं कुठे?"

पहिल्यांदाच तिथे शांतता झाली. त्या शांततेत लटारू म्हणाला, "लागलं तं बरगडीखाली कोखीत होतं, सायेब. डाव्या. कोनाचा तरी गुडघा बसला. पन थे तवाच थांबलं. मंग खांदा दुखाले लागला, म्हून खांदा सांगलो."

"गुडघा माहा होता," मागून सुकलू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची सगळी मस्करी उतरली होती. "झेप मारलो तवा बसला. मी म्हनलो, लागत असते एवढं."

खाटेवर निजवलं तसा लटारू कण्हला, "खांदा! खांदा!" सोमाजीला हे ऐकून राहवेना. "पाहा, खांदाच म्हंते! जरा बाजूले सरा, सायेब. पोटात गोळा सरकला असन तं मी चोळून जागी बसवतो. दोन हात तेलाचे मारले, का..."

"पोटाला बोट लावशील तर तुरुंगात घालीन!" गुणवंतराव ओरडले. आपल्याला कोणाला तुरुंगात घालता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण सोमाजीला माहीत नव्हतं. वाटी त्याच्या हातातच राहिली.

बंडी वर सारली. डाव्या बरगडीखाली, कातडीवर, तापल्या विळ्याच्या टोकाने दिलेले डाग ओळीने उमटलेले होते. काही जुने, पांढुरके पडलेले. काही ताजे, अजून गुलाबी. सावलीतून रंभा केव्हा येऊन उभी राहिली होती, कोणाला कळलं नव्हतं.

"हे डाग कधी दिले?" गुणवंतरावांनी विचारलं.

रंभेने नवऱ्याकडे पाहिलं, सासरच्या वडीलधाऱ्यांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि मग डाक्तरकडे पाहून सांगितलं. "पोयाच्या मागून ताप आला. दसऱ्यालोक उतरला नाई. पानथरी लई वाढली, हाताले लागे. तवा सासूनं इया तापवून देल्ले." मग ती थांबून म्हणाली, "मी म्हनलो होतो, औंदा नोको खेलू. त्याईनं आयकलं नाई."

गुणवंतरावांनी तळवा पोटावर अलगद ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला, झोपल्या लेकराच्या अंगावर ठेवतात तसा. पोट लाकडासारखं ताठ झालं होतं. चांगली बाजू आधी तपासावी म्हणतात. पण पानथरीला दुसरी बाजू नसते. ताडून पाहायला काहीच नव्हतं.

"चांद्याला न्यायचं," ते म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात. पोट उघडावं लागेल."

बांधीत एक कुजबूज झाली, आणि तिच्यातून नानाजींचा आवाज वर आला. "सायेब, दुखते खांदा. आन् तुमी फाडता पोट?"

"हो."

"जरा इचार करा. तुमचं सकाळी चुकलं नाई, दुपारी चुकलं. का दुपारी चुकलं नाई, आता चुकून राह्यलं?"

हाच प्रश्न गुणवंतराव स्वतःला विचारत होते. ते रंभेकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा."

रंभा म्हणाली, "त्याईचा दम तुटला. माह्या डोयासमोर कधी तुटला नाई." आणि तिने खाटेच्या पायाला हात घातला.

ते पाहून सुकलूने दुसरा पाय धरला. बैलबंडीने नेलं तर धक्क्यांनी होतं तेही जाईल, म्हणून खाट खांद्यावर घ्यायची ठरली. चिचटोल्याचे चौघे, सावरगोंदीचे चौघे, बदलायला बाकीचे. निघताना पुन्हा घोटाळा. जित्या माणसाला गावाबाहेर नेताना डोकं पुढे का पाय पुढे, यावर म्हातारे भांडू लागले. "पाय पुढं मुर्द्याचे असतेत!" सोमाजी म्हणाला. गुणवंतराव म्हणाले, डोकं पुढे तर डोकं पुढे, पण चला. आयुष्यात सोमाजीचा सल्ला त्यांनी तेवढाच मानला.

सिंदेवाहीचं स्टेशन दोन कोस. धुरे, नाला, मग मोहाच्या झाडांतून गाडरस्ता. गुणवंतराव खाटेसोबत, लटारूचं मनगट धरून, अर्धे पळत होते. खाट जरा हिंदकळली की लटारू कण्हे, आणि तो कण्हला की गुणवंतरावांना बरं वाटे, कारण न कण्हणं जास्त वाईट होतं. आठ माणसांची आठ पावलं. सावरगोंदीवाले लांब टाकत, चिचटोलेवाले आखूड. नाल्यात खाट अशी कलली, की रंभा ओरडलीच.

तेव्हा पुढच्या डाव्या पायाखालून सुकलूने हळू आवाजात सुरू केलं, "कबड्डी... कबड्डी... कबड्डी..."

गुणवंतराव संतापले. काही लाजबीज आहे की नाही, म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. आणि मग त्यांना दिसलं, की दुसऱ्याने धरलं, तिसऱ्याने धरलं, आणि पावलं जुळली. खाट पाण्यावर ठेवल्यासारखी चालू लागली. त्यांनी तोंड मिटलं. दोन गावं एका दमात एका बाजूने खेळताना चिचटोल्याच्या मंडईत पूर्वी कोणी पाहिली नव्हती, आणि पाहायला तिथे कोणी नव्हतंही.

स्टेशन दिसलं तेव्हा लटारूने कण्हणं सोडलं होतं.

"लटारू!"

"हं."

"खांदा दुखतो का?"

उत्तर नाही. बोटाखाली नाडी होती, मग नव्हती, मग पुन्हा होती. ती नव्हती तेवढ्या वेळात गुणवंतरावांनी 'खांदा ठणठणीत आहे' हे स्वतःचं वाक्य स्वतःच्या आवाजात पुन्हा पुन्हा ऐकलं. छोटी गाडी नेहमीसारखी उशिरा होती. ज्या दिवशी उशीर उपयोगी पडला, असा रेल्वेच्या इतिहासातला तो बहुधा एकच दिवस. गार्डच्या डब्यात खाट चढली. रंभा पायाशी बसली, गुणवंतराव उशाशी, सुकलू दाराशी. चांद्यापर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही आणि रंभेकडे पाहिलं नाही. ती काही विचारेल याची त्यांना भीती वाटत होती.

चांद्याच्या सर्जननी पोट उघडलं, तर आतून रक्त उसळलं. फाटलेली पानथरी त्यांनी काढली, सुकलूच्या अंगातलं रक्त जुळलं म्हणून ते लटारूला चढवलं. गुणवंतराव व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसले होते. आतून निरोप आला, की नाडी भरते आहे. तेव्हा त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं अजून मनगट धरल्यासारखी वाकलेली होती आणि सरळ होत नव्हती.

लटारू वाचला. चार लोकांसारखा हिंडू लागला, धान रोवू लागला. कबड्डी सुटली. आपल्या अंगात साळ्याचं रक्त आहे, म्हणून हल्ली राग लवकर येतो, असं तो सांगे. आणि सुकलू म्हणे, रक्त दिलं, अक्कल द्यायची राहून गेली.

पण गावाचा निकाल वेगळा लागला. चिचटोल्यात काय घडलं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे त्यात शंकेला जागाच नव्हती. माणसाचा खांदा दुखत होता. डाक्तरने तपासला आणि म्हणाला, ठणठणीत आहे. मग त्याला खाटेवर घालून नेला आणि त्याचं पोट फाडलं. एवढं करूनही खांदा थांबला, हे लटारूचं नशीब. सोमाजी जाता येता सांगे, "मी दोन झटक्यांत बसवला असता. त्याईनं आतला मालच काढून घेतला!"

पुढल्या साली मंडई भरली, तेव्हा खुर्ची पुन्हा धुऱ्यावर मांडली होती. गुणवंतराव नळी घालून बसले. बाजूला लटारू बसला होता, टाके दाखवायची लोकांना हौस असते म्हणून बंडी वर करून. खेळ सुरू झाला. गडी पडले, उठले, आपटले, एकमेकांखाली चिरडले. एकाचा अंगठा सुजून वांग्याएवढा झाला. गुणवंतराव खुर्चीतून नुसते उठले मात्र, तो दोन्ही हातांनी पोट झाकून पळाला.

"कोनाले काई लागलं का रे?" नानाजी ओरडले.

"नाई!" बांधी एका आवाजात म्हणाली.

त्या मंडईत दिवस मावळेपर्यंत एकही गडी जखमी झाला नाही. लंगडणं गावातून मुळासकट गेलं. नानाजी खूश होऊन म्हणाले, "पाहा, डाक्तरसायेब, तुमच्या एका शब्दानं नियम कसा सुधरला!"

गुणवंतरावांनी मान हलवली. त्यांचं लक्ष नव्हतं. रेघेवरून सावरगोंदीचा एक पोरगा आत घुसला होता, कोणी सांगणार नव्हतं त्याला कुठे लागलंय ते, आणि गुणवंतराव खुर्चीच्या काठावर पुढे सरकून, स्वतःचा श्वास धरून, त्याचा दम ऐकत होते.